कुसाबाईचं न दिलेलं मत

पेठकडच्या डोंगरातल्या आपल्या पाड्यावर कुसाबाई भोये साठीला आल्यावर सही शिकली. साक्षरता वर्गात तिने दोन महिने पाटी गिरवली होती. त्यानंतर तिने कुठेच अंगठा दिला नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला तिची सून ज्योत्स्ना उभी राहिली, तेव्हा कुसाबाई विंचूरकडे कांदे काढत होती. मतदानाला मजुरांना न्यायला जीप येणार होती, पण ती आलीच नाही. ज्योत्स्ना एका मताने निवडून आली. विरोधातल्या लताबाईने कोर्टात दावा लावला. मतदारांच्या रजिस्टरात कुसाबाईच्या नावापुढे अंगठा उमटलेला होता.

साक्षीचं समन्स घरी आलं, तेव्हा मुलगा दिनेश म्हणाला, "आये, मतदान केलं म्हन. एवढंच."

"कवा केलं? मी तर वावरात होते."

ज्योत्स्ना भाकरी थापता थापता थांबली. "आई, तुम्ही इथं असता तर मत मलाच दिलं असतं ना?"

"तुलाच दिलं असतं. पण दिलं नाय ना पोरी."

"तो अंगठा कोनाचा, मला खरंच ठाव नाय."

"मी कुठं म्हनते तुझा हाय?"

साक्षीच्या दिवशी दिनेश सोबत आला नाही. कुसाबाई एकटीच एसटीने तालुक्याला गेली. वकिलाने रजिस्टर पुढे धरून विचारलं, "हा अंगठा तुमचा?"

"नाय. मी सही करते."

न्यायाधीशांनी कागद दिला. वेळ लागला, पण सगळी अक्षरं जागच्या जागी आली.

ज्योत्स्नाच्या वकिलाने विचारलं, "सुनेशी भांडण आहे का?"

"भांडन नाय. सून चांगली हाय माझी."

बोगस मत कोणाला पडलं, हे मशीन सांगू शकत नव्हतं आणि फरक तर एकाच मताचा होता. कोर्टाने त्या जागेची निवडणूक रद्द केली. दिनेश महिनाभर आईशी बोलला नाही. पाड्यावरचे लोक म्हणत, म्हातारीने घरचीच पाडली. कुसाबाईलाही कधी कधी वाटे, गप्प राहिले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण आपण नसताना कोणीतरी आपल्या नावाने उभं राहिलं, ही गोष्ट तिला सोसत नव्हती.

पोटनिवडणुकीत ज्योत्स्ना अकरा मतांनी हरली.

भात लावणीला दोघी एकाच खाचरात होत्या. एक ओळ लावून झाल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "अकरा मतं लय असतात, आई. यावेळी कोनाला बोल लावायला जागा नाय."

"वाईट वाटतं?"

"वाटतं. पर मागल्या साली निवडून आल्यावर लोकांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता मला."

कुसाबाईने रोपांची नवी जुडी सोडली आणि अर्धी सुनेच्या हातात दिली.