टाकी भरली

आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से कोणी जमवत नाही. ओट्याखालच्या पिशवीत जशा पिशव्या साठतात, तसे ते आपोआप साठतात. एक ओढला की दहा बाहेर येतात! आज मी फक्त माशांचे ओढतोय. बाकीचे राहू देत, नाहीतर घरमालक खोली रिकामी करायला सांगतील.

आधी ओळख करून देतो. मी लातूरचा, टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढायचा मला पगार मिळतो. माझा रूममेट गजानन अकोल्याचा, डेव्हलपर. म्हणजे त्या चुका करायचा त्याला पगार मिळतो. हिंजवडीत कामाला, मारुंजीत भाड्याला.

घरमालक तात्या तळमजल्यावर राहतात. बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांची भाताची खाचरं होती. तात्यांच्या लक्षात भाडेकरूंची नावं राहत नाहीत, जिल्हे राहतात. "ए लातूर, गाडी नीट लाव!" "अकोला, तुजं पार्सल आलंय!" असा सगळा कारभार.

गजाननची बायको सुजाता आणि पाच वर्षांची मिठू अकोल्यालाच होत्या. दोन वर्षं हा म्हणतोय "या", आणि तिकडून उत्तर "बघू". मिठूला आजोबांचं अंगण सोडायचं नव्हतं, आणि तिला रडवून आणायला सुजाता तयार नव्हती. एके दिवशी फोनवर मिठूनं विचारलं, "पप्पा, तुमच्याकडे काय आहे?"

गजाननने खोलीभर नजर फिरवली. दोन गाद्या, एक कूलर आणि मी.

"मासे आहेत!" तो म्हणाला.

"खरे?"

"हाव ना! आणि त्यांची टाकी मी स्वतः बनवली!"

फोन ठेवून माझ्याकडे वळला. "अबे, टाकी कशी बनवतात?"

*

दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल. मिठूला मासे बघायचे होते. टाकीचा अजून पत्ता नाही! पण डेव्हलपर माणूस, डेमोला कधी घाबरत नाही. त्याने लॅपटॉपवर माशांचा व्हिडिओ लावला, स्क्रीनभर मोठा केला आणि फोन असा धरला की नुसतं पाणीच दिसावं.

निळं पाणी, बुडबुडे, पिवळे मासे. मिठू मासे मोजायला लागली. गजाननने मला डोळा मारला. तेवढ्यात मधेच जाहिरात लागली.

"पप्पा! माशांमध्ये बाई आली! साबण घेऊन!"

"ती... ती टाकी धुवायला आली बेटा!"

मागून सुजाताचा आवाज आला. "कोण बाई?"

*

मग मात्र टाकी बनवणं भागच होतं. मे महिन्यात सुजाता मिठूला घेऊन चार दिवस येणार असं ठरलं होतं. मिठू रमली तर जूनमध्ये शाळा इथली, नाही रमली तर परतीचं तिकीट काढलेलंच होतं. चार दिवसांवर अख्खा संसार टांगलेला, आणि मेख अशी, की त्या रमल्या तर खोली सोडायची कोणी? मी! म्हणजे मला बाहेर काढणाऱ्या टाकीला मीच हात लावत होतो.

पिरंगुटला एक काचवाला माहितीचा होता. गजाननने त्याला फोन करून मापं सांगितली. तिकडे काच घासायचं मशीन खर्र खर्र चालू.

"कशाची काच?" तो ओरडला.

"माशाची!"

"कशाची?"

"अहो माशाची, माशाची!"

"बरं बरं! शनवारी या."

शनिवारी आम्ही बाइकवरून घोटवड्याच्या रस्त्याने कागदात गुंडाळलेल्या पाच काचा घेऊन आलो. म्हणजे चालवत होता गजानन आणि छातीशी काचा धरून मागे मी. प्रत्येक खड्ड्याला मी मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो. घरी येऊन कागद सोडला, तर पाच गजानन आमच्याकडे आ वासून बघत होते. पाचही आरसे!

फोन लावला, तर काचवाला उलट आमच्यावरच चढला. "तुमीच बोल्ला ना आरशाची! दोनदा इचारलं मी!"

पुन्हा पिरंगुट, पुन्हा खड्डे. त्याने आरसे परत घेतले, पण चारच. तेवढ्या जाडीच्या साध्या काचा त्याच्याकडे चारच उरल्या होत्या. "पाचवा आरसा मागच्या बाजूला लावा," तो म्हणाला. "मासं भांग पाडतील!"

*

आता आमच्या बिल्डिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यावर रोज सकाळी तात्यांचा एकच मेसेज असतो. "टाकी भरली. मोटर बंद. पानी जपून वापरा." उन्हाळ्यात तर हा मेसेज आम्ही बँकेच्या मेसेजपेक्षा मन लावून वाचतो.

गजाननने सिलिकॉन लावून काचा चिकटवल्या. दोन दिवस वाळवल्या. मग गॅलरीत ठेवून टाकी भरली. मी समोर चुका टिपायची वही घेऊन बसलो, सवयच ती.

"बग नंबर एक. उजव्या कोपऱ्यातून पाणी."

"माझ्या बाजूनं तर गळत नाही!" गजानन म्हणाला. सगळे डेव्हलपर हेच म्हणतात. पुन्हा खरवडणं, पुन्हा सिलिकॉन, पुन्हा वाळवणं. तिसऱ्या वेळी मी ऑफिसात होतो आणि तो घरून काम करत होता. त्याने मला मेसेज केला, "टाकी गळतेय! सगळं पाणी चाललं!"

मला केला असं त्याला वाटलं. गेला तो ग्रुपवर.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये घंटा वाजावी तसं झालं. बारा फ्लॅटमधल्या लोकांनी एकाच वेळी सगळे नळ सोडले. बादल्या भरल्या, पिंप भरली, एकाने तर कुकर भरून ठेवला. तात्या प्लंबरला घेऊन गच्चीवर धावले आणि टाकीभोवती तीन प्रदक्षिणा घालून खाली आले.

"टाकी गळत न्हवती," ते म्हणाले, "पर आता ठणठणीत कोरडी झालीया! अकोला, गळती कुटं हाय?"

गजाननने मान खाली घालून गॅलरीकडे बोट दाखवलं.

*

आता खरी धडकी भरली. आमच्या भाडेकरारात स्वच्छ लिहिलंय, 'पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत.' तात्या गॅलरीत टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभे. गजाननने सगळं कबूल केलं. मिठूचं सांगितलं, फोनवरची थाप सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "पण तात्या, करारात प्राणी चालत नाहीत ना?"

"मासा काय प्रानी हाय व्हय?" तात्या म्हणाले. "मासा म्हंजी कालवण!"

झाली परवानगी! चौथ्या खेपेला टाकी गळायची थांबली आणि दोन नारिंगी मासे आले. आरशामुळे चार दिसायचे. तात्या रोज चहा घेऊन बघायला यायचे.

"हे कवा वाढनार?"

"तात्या, हे बघायचे मासे आहेत."

"बगून प्वाट भरतंय व्हय?"

असं म्हणत म्हणत तासतासभर बसायचे. एकदा मी ऑफिसला निघालो होतो, तर म्हणाले, "लातूर, ह्याच जागंला खाचर हुतं बग. वढ्याचं मासं थेट भातात यायचं. आमी पोरं फडक्यानं धरायचो." मग पायाखालच्या फरशीकडे बघत राहिले. मी बॅग खाली ठेवून त्यांच्याजवळ जरा वेळ बसलो. ऑफिसला उशीर झाला, होऊ दिला.

पण प्रेम फार झालं की असं होतं. "लई बारीक ऱ्हायल्यात," म्हणून तात्यांनी आमच्या माघारी टाकीत अर्धी भाकरी कुस्करून घातली. पाणी ताकासारखं झालं. आम्ही धावपळ करून पाणी बदललं, पण एक मासा गेलाच. मिठू यायच्या आदल्या दिवशी!

तात्या दोनदा दारापर्यंत आले आणि दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "आरशात दोन दिसत्यात. पोरीला काय कळतंय?"

*

मिठू आली. दारातच तात्यांनी स्वागत केलं, "आलं का धाकटं अकोला!" माझी गादी आधीच वरच्या मजल्यावरच्या पोरांच्या खोलीत गेली होती, ओळखीपुरता तेवढा मी आमच्या खोलीत थांबलो होतो. सुजाताच्या हातात एकच बॅग होती, चार दिवसांच्या कपड्यांची. ती तिने उघडलीही नाही, दाराशीच ठेवली.

मिठू टाकीसमोर मांडी घालून बसली. पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली. गजानन मागे उभा राहून हाताची बोटं मोडत होता. सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या दिवशीसुद्धा मी त्याला इतका घाबरलेला पाहिलेला नाही.

"काय बघतेस बेटा?"

"साबणवाली बाई कधी येते ते."

एरवी मी मोठ्यांदा हसलो असतो. गजानन तिच्याशेजारी खाली बसला. "ती बाई येणार नाही बेटा. तेव्हा आपल्याकडे मासेच नव्हते. मी खोटं बोललो."

"मला माहीत होतं," मिठू म्हणाली. "हा खरा आहे ना?"

"हा खरा."

"आणि तो मागचा?"

"तो आरशातला. खरा एकच. दुसरा काल मेला."

"माज्या हातनं झालं त्ये, बाय," दारातून तात्या पुटपुटले आणि जिना उतरून गेले.

मिठूनं काचेला नाक लावलं. मासा तिच्या नाकाशी आला आणि तिथेच थांबला. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होती. मग तिने मान वळवली. "आई, हा इथं एकटाच राहतो? मग याला टाकून कसं जायचं गं?"

सुजाता माशाकडे बघत नव्हती. गजाननकडे बघत होती. त्याने कधी नव्हे ते खोलीत पोतेरं फिरवलं होतं आणि तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं. तिने उघड्या कपाटातला तो रिकामा कप्पा पाहिला. मग दाराजवळची बॅग उचलून आत आणली.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "इथं जवळ शाळा कुठली चांगली आहे?"

मी उत्तर द्यायच्या आत माझा फोन वाजला. गजानन माझ्यापासून चार हातांवर उभा होता, पाठ फिरवून, फोनमध्ये तोंड खुपसून, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. ग्रुपवर त्याचा मेसेज होता. दोनच शब्द.

"टाकी भरली."

खालून जिन्यात तात्यांचा आवाज घुमला. "आरं अकोला! मोटर तर बंद हाय! कुनी भरली?"