बधिर अंगठा आणि जास्तीची हवा

...तर टायर असा फाडकन फुटला की दूधवाला कॅन तिथंच टाकून पळाला! काल इथवर आलो होतो आपण. हसा, हसा, आम्हीही पोट धरून हसलो होतो. हसला नाही तो सायकलच्या दुकानातला हवा भरणारा एकटा. स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसला.

त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे. सही येत होती हो, चांगली झोकदार! पण टायरवर अंगठा दाबला की हवा किती ते बरोबर सांगायचा. पुढच्या चाकात कमी, मागच्यात जास्त, कारण ओझं मागे. मी दिसलो की मला तर झाडायचाच, "दादा, कमी हवेवर खड्ड्यात घालता, मग ट्यूब रिमखाली चिमटते. पंक्चरही मीच काढायचं आणि शिव्याही मीच खायच्या!"

पुढे मानेतली शीर दबली. आधी मुंग्या आल्या, मग दोन्ही हातांची बोटं बधिर झाली. दगड दाबा नाहीतर लोणी, सारखंच. आपल्या साध्या सायकलीच्या वॉलला, म्हणजे हवा भरायच्या तोटीला, हवा मोजायचा काटा बसत नाही. याचा काटा म्हणजे अंगठाच. अंदाज चुकून हवा जास्त गेली, दूधवाल्याचा तो टायर फुटला, बोंब झाली आणि गिऱ्हाईक पांगलं. दुकान उघडं असायचं, एवढंच.

पण नंतर टायर फुटायचे थांबले की! मला राहवेना. समोरच्या पायरीवर बूड टेकून पाहत बसलो. तो पंप मारून दुसऱ्या सायकलीकडे वळला की शेजारी ट्यूब घासत बसलेली त्याची बायको हळूच उठायची, टायर दाबायची, वॉल सैल करायची. फुस्स! वर आवाज लपवायला मोठ्यानं खोकायची. तो मागे वळून बघायचाच नाही.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुम्हाला माहीतच आहे. वहिनी पाणी आणायला गेली तसं मी विचारलं, "काय रे, बायको तुझी हवा काढते, पत्ता आहे का?"

वाटलं, चिडेल. त्यानं पंप भिंतीला टेकवला, ती गेली त्या बाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"माहीत आहे, दादा. म्हणून तर मुद्दाम जास्त भरतो. कमी पडली तर ती मला सांगायची नाही, स्वतःच पंप मारत बसेल, आणि डॉक्टर म्हणालेत तिच्या हृदयाला आता जोराचं काम झेपणार नाही. सोडायला जोर लागत नाही. तुम्ही बोलू नका तिला."