राखणीला बसवलेलं

आमच्या घराण्यात बीए झालेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. बापाची हयात मेंढरांमागं गेली, आज्याचीही गेली, आणि मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत टाइम ऑफिसच्या खुर्चीवर बसले.

बाप वारला तशी मेंढरं विकावी लागली. मला भाऊ नाही, राखणार कोण? देवगाव रंगारीकडचा माळ सोडून आई माझ्याकडं उस्मानपुऱ्यातल्या खोलीत आली. आली म्हणजे काय, उंबऱ्यात बसून राहिली. "लेकीच्या घरी ऱ्हायचं म्हंजी माणसानं मरावं," म्हणायची. रोज सकाळी गाठोडं बांधायची आणि मी कामावरून आले की सोडायची. एक दिवस ते गाठोडं सुटणार नाही, हा धाक मला सारखा असायचा. ती सोडून माझं होतं कोण?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या साहेबांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, कुत्रं जिन्यात राहिलं. अर्धं पामेरियन, अर्धं गल्लीतलं. केस बंगल्यातले, पाय रस्त्यावरचे.

"हे कुत्रं हाय का उंदीर?" आई म्हणाली आणि तिनं त्याला मानगुटीला धरून उचललं. आमच्यात पिल्लू असंच पारखतात. गप राहिलं तर मेंढरांच्या वाड्यावर ठेवायचं, ओरडलं तर ज्याचं त्याला परत. यानं अख्खी गल्ली गोळा केली. आई हसली. मेंढरं विकल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

"लई रडकं हाय. ऱ्हाऊ दे दोन रोज."

त्याला साहेबांनी ठेवलेलं इंग्रजी नाव तिला काही म्हणता येईना. ती त्याला नुसतं "बारक्या" म्हणायची. आधी त्याला पायरीखाली भाकर टाकायची. मग पायरीवर. मग उंबऱ्याच्या आत. माळावर आमचं कुत्रं कधी पालाच्या आत आलं नव्हतं, आणि हे तिच्या घोंगडीच्या कोपऱ्यावर झोपायला लागलं. ती घोंगडी आमच्याच मेंढरांच्या शेवटच्या कातरणीची. त्यावर मला पाय ठेवू देत नसे ती.

एका रविवारी बघते तर आई त्याला शिकवत होती. आम्ही मेंढरंवाले तळ हलवतो तेव्हा घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवून त्याच्याजवळ कुत्रं बसवतो. "राख" म्हणायचं आणि निघून जायचं. ज्यानं बसवलं त्यानंच येऊन पाठीवर हात ठेवून "चल बाबा" म्हणायचं, तेव्हाच ते उठतं. दुसऱ्या कुणाच्या हाकेला नाही. आईनं घोंगडी टाकली, बारक्याला बसवलं आणि आत गेली. मी बिस्कीट दाखवलं, हाका मारल्या, शेपूट ओढली. ते नुसतं माझ्याकडं बघत राहिलं.

"तुझ्या बीएला नाय इचारत ते!" आतून आई म्हणाली. आवाजात काय ऐट होती!

त्या दिवसापासून गाठोडं बांधणं बंद झालं. मी कामावर गेले की ती घोंगडी खांद्यावर टाकून रेल्वे लाइनीकडच्या मोकळ्या मैदानात जायची, लिंबाखाली बसायची. लोकांच्या शेळ्या बघायची, त्यांना नावं ठेवायची. बारक्या संगं असायचं.

दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून शहर कधी पेटेल याचा नेम नसायचा. कंपनीत विचारायचे, बाई, तुमची बाजू कोणती? मी तोंडावर सांगायची, नाव बदला. माझ्या पदवीवर जुनं नाव आहे, ते काय पुसलं जाणार नाही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आईनं बारक्याला लिंबाखाली घोंगडीवर बसवलं आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात चहापत्ती आणायला गेली. तेवढ्यात चौकात दगडफेक झाली. शटरं धडाधड पडली. पोलिसांनी दिसेल त्याला गल्लीत रेटलं, आईलाही. जीपवरचा भोंगा संचारबंदी सांगत फिरला. कंपनीच्या बसनं मला कसंबसं घराजवळ सोडलं, तर आई दारात उभी, हातात चहापत्तीची पुडी.

"बारक्या बसलंय तिथं."

"येईल की गं. वाट माहितीय त्याला."

"येणार नाय. म्या राख म्हणलंय."

गल्लीच्या तोंडावरच्या शिपायाला मी हात जोडले. तो म्हणाला, "ताई, माणसं दवाखान्यात पडलीत, आन् तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसल्या?" त्याचंही खरं होतं. आई गच्चीवर चढली. तोंडाला हात लावून हाका मारायला लागली, "चल बाबा! चल रे बारक्या!" माळावर तिची हाक दोन शेतं ओलांडायची. इथं ती समोरच्या गच्च्यांवर आपटून परत येत होती. घसा बसला तरी ती थांबली नाही. दुसरा दिवसही असाच गेला. ऊन मी म्हणत होतं.

दुधाभाजीसाठी बायकांना सोडलं तेव्हा आम्ही पळत गेलो. लिंबाची सावली केव्हाच सरकून गेली होती. हाताच्या अंतरावर सावली होती, आणि बारक्या उन्हात, घोंगडीच्या मधोमध, पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडलेलं. गेलेलं. गल्लीच्या दिशेला तोंड.

आई खाली बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बसलेल्या घशानं म्हणाली, "चल बाबा." मग पुन्हा म्हणाली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला. त्याला तिनं घोंगडीतच गुंडाळलं. आमच्या शेवटच्या लोकरीसकट ते लाइनीकडच्या मातीत गेलं.

त्या दिवसांत लोकांची घरं जळाली, माणसं गेली. त्यांच्या दुःखापुढं हे कुठं सांगायचं, म्हणून मी हे कंपनीत कुणाला सांगितलं नाही.

वाहतूक सुरू झाली त्या सकाळी गाठोडं बांधलेलं होतं. ते सुटलं नाही. देवगावच्या गाडीला वेळ होता. बसस्टँडवर आईनं गाठोडं बाकड्यावर ठेवलं, पाणी प्यायला निघाली. सवयीनं मी गाठोड्याजवळ बसले. ती दोन पावलं जाऊन माघारी वळली. गाठोडं उचलून काखेत घेतलं.

"तू जा कामावर," म्हणाली. "इथं बसू नको."

मी उठेना. तेव्हा ती जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि गाडी लागेपर्यंत तो काढला नाही.