मेहुण्याची सात नंबरची काठी

माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, मला पहिल्यापासून आवडत नाही. नागपुरात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि रविवारी गोल्फ खेळतो. मी सेनगावजवळच्या शाळेत खेळाचा शिक्षक. तीन वर्षांपूर्वी तो मला त्याच्या मैदानावर घेऊन गेला. मी दोनदा काठी फिरवली. बॉल जागचा हलला नाही, गवताचं ढेकूळ मात्र उडालं.

"दाजी, हे कापूस वेचणं न्हाई," तो मित्रांसमोर म्हणाला. सगळे हसले. निघताना त्यानं एक जुनी, सात नंबरची काठी माझ्या हातात दिली. "घ्या, गावाकडं कुत्रे हाकलायला कामी येईल."

मी काठी घेतली. फेकायची हिंमत झाली नाही, याचाच मला जास्त राग आला.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. गोल्फचे जुने बॉल मागवले आणि तिथं रोज सकाळी शाळेआधी मारू लागलो. सुरुवातीला सगळा जोर लावायचो, तोंडानं शिव्या चालू. बॉल तुरीत जायचे आणि सापडायचे नाहीत. दोन महिने असेच गेले. मग शाळेत मी लेकरांना जे सांगतो ते स्वतःला सांगितलं : आधी जवळचं नीट मार. तीस पावलांवर पोतं अंथरलं. पाय ठेवायला जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. दहातले सात पोत्याजवळ पडल्याशिवाय मागं सरकायचं नाही. मागवलेले बॉल तऱ्हेतऱ्हेचे होते, प्रत्येक वेगळा उडायचा. एकाच जातीचे निवडून ठेवले. काठी तीच, बूट तेच. वर्ष सरता सरता पोतं शंभर पावलांवर गेलं.

मागच्या भाऊबीजेला मेहुणा आला. गाडीत गोल्फच्या काठ्यांचा कोरा सेट. दर वर्षी नवा घेतो, हे त्यानंच सांगितलं.

"चला पाहुणे, माळावर," मी म्हणालो. "दहा दहा मारू."

बायको ताट लावत होती. "आधी ओवाळू द्या," ती म्हणाली. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.

त्याचा पहिला बॉल तुरीत गेला. त्यानं काठी बदलली, पुन्हा बदलली. "हातात बसली न्हाई अजून." दहात एक पोत्याजवळ पडला. माझे सहा. सातवा पोत्याच्या काठावरून लांब घरंगळला.

तो लाल झाला. "ती काठी माझी हाय. द्या इकडं."

"न्हाई देत."

त्यानं हात घातला, मी ओढली. पिकल्या केसांची दोन माणसं माळावर झोंबत होती. शेवटी त्यानं सोडली आणि तसाच गाडीत बसून गेला.

घरी बायको निरांजन लावून उभी होती. मी एकटाच आलेला पाहून तिनं ताट खाली ठेवलं.

"इतके दिवस तुमी बॉल न्हाई, माझ्या भावाला मारून राहिले व्हते," ती म्हणाली.

ते बराबर होतं. तिची माफी मी त्याच संध्याकाळी मागितली.

"त्यालाही फोन लावा," ती म्हणाली.

"न्हाई लावणार."

अजून लावलेला नाही.