नाल्यापलीकडचा हिरवा कोपरा

धुळ्याच्या कॉलेजात मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे घरात कोणी झाडाचं नाव विचारलं की माझी मान आपोआप ताठ होते. गेल्या महिन्यात जळगावला एम.एस्सी. करणारी नात लॅपटॉप घेऊन आली आणि तिच्या बॅगेतून माझाच जुना नकाशा निघाला, तेव्हा मात्र ती मान आखडली.

यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी कुठे जंगल, कुठे गवत, कुठे शेती, हे मी बाविसाव्या वर्षी पायी हिंडून रंगवलं होतं. म्हणजे, सगळ्यांना सांगत तरी तसंच आले. नातीला आता सगळ्या जगाच्या अधिवासांचा नकाशा इंटरनेटवरून उतरवायचा होता आणि त्यातला यावलचा तुकडा कापून माझ्या नकाशावर ठेवायचा होता. तेव्हा जंगल आणि आता शेती असेल, तिथे लाल रंग. लाल म्हणजे जंगल तोडलं. हाच तिचा प्रबंध.

ते ऐकल्यापासून मला एका जागी बसवेना. कारण नाल्यापलीकडचा कोपरा.

ती बावीस वर्षांची बया, म्हणजे तेव्हाची मीच, नव्याकोऱ्या चपला घालून सर्वेक्षणाला निघाली होती. टाच सोलली म्हणून फैजपूरला मैत्रिणीच्या मावशीकडे टेकली, ती तीन दिवस टेकलीच. मावशी शेवेची भाजी करायची, ही दोनदा वाढून घ्यायची. निघताना नकाशाचा एक कोपरा कोरा दिसला, तर तिने हिरवी पेन्सिल फिरवली. दाट जंगल! खाली झोकदार सही.

नकाशा उतरवायचं काम मी आपणहून मागून घेतलं. नातीला वाटलं, आजीला भारी हौस. मला फक्त तो कोपरा तिच्याआधी बघायचा होता. पण नकाशा अर्ध्यावर यायचा, नेट जायचं, पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात मी चारदा गॅस बंद आहे का बघून आले. नातीने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये यावलचे अक्षांश-रेखांश तेवढे मला भरायचे होते. ते मी उलटे भरले. पडद्यावर सगळं निळं. यावल उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

नात अंघोळ करून आली, दोन आकड्यांची अदलाबदल केली आणि यावल जागेवर आलं. मग तिने माझा नकाशा खाली घातला. कोपरा लालभडक झाला.

"बघ आजी, सगळ्यात जास्त तोड इथेच झालीय. त्या पाड्याचं नावच घालते."

ती नाव टाइप करायला लागली. पावसावर शेती करणारी थोडी घरं तिथे. माझ्या पेन्सिलीने उगवलेलं जंगल आता त्यांच्या नावावर तोडलं जात होतं.

"तठे जंगल व्हतं का शेती, माले माहीत नही," मी म्हणाले.

मी घाबरले की अहिराणीवर येते, हे नातीला ठाऊक आहे. तिची बोटं थांबली. मग मी चपला, टाच, शेवेची भाजी, सगळं सांगून टाकलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. मग तिने त्या कोपऱ्याला एक आकडा दिला, 'माहिती नाही' असा अर्थ असलेला. लाल गेलं, तिथे पांढरं भोक पडलं.

"कारण काय लिहू?"

"लिही, सर्वेक्षक फैजपूरला जेवत होती."

तिने लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी झालेली नाही'.

ते पांढरं भोक मला दिवसभर स्वस्थ बसू देईना. तेव्हाचं आता चालून दिसणार नाही, पण पाड्यावर माझ्या वयाचं कोणीतरी असेलच. त्यांना विचारता येईल. संध्याकाळी मी नातीला यावलच्या पहिल्या बसची वेळ विचारली. तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग वेळ सांगितली.

चपला या वेळी जुन्याच काढून ठेवल्या.