वहीत मी लिहिलं, प्रॅक्टिकल नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? गेल्या महिन्यात संगमनेरच्या आमच्या जुन्या क्लासने मला नव्या मुलांपुढे बोलायला बोलावलं. खांद्यावर शाल, हातात नारळ. आणि मी काय बोलले असेन? सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरने सापडलेली चूक कधी लपवायची नसते, म्हणे! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथेच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

चीड येते हो. त्या टाळ्यांची, त्या शालीची, 'आमची देवळालीची पोर पुण्यात कंपनीत लागली' म्हणून मिरवणाऱ्या नातेवाइकांची. क्लासच्या सरांचीही — शेजारी बसलेली तुमची मैत्रीण नाही, स्पर्धक आहे, असं ते रोज बजावायचे. पण सरांवर ढकलून कसं चालेल? लिहिणारा हात माझाच होता.

आम्ही चौघी जणी. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीसाठी मुलाखतींची तयारी करायचो, त्यातल्या आम्ही तिघी क्लासजवळच खोली घेऊन राहायचो. आमचा एक नियम होता. जी मुलाखत देऊन येईल तिने एसटीतून उतरल्या उतरल्या, खोलीवर जायच्याही आधी, विचारलेलं सगळं एका वहीत लिहायचं — पुढच्या मुलीला उपयोगी पडावं म्हणून. ही कल्पना रेहानाची. ती चौथी, संगमनेरचीच; राहायची घरी, पण दिवसभर आमच्यातच असायची.

रेहाना माझ्याहून हुशार होती. हे एवढं वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. फक्त अचानक काही समोर आलं की तिचे हात कापायचे, डोकं बंद पडायचं. आधी कल्पना असली की मात्र ती दसपट तयारीने जायची. हे मला माहीत होतं. तिच्या अब्बांनी सांगून ठेवलं होतं — ही शेवटची मुलाखत, नाही जमलं तर लग्नाचं बघू. तेही मला माहीत होतं.

पुण्यातल्या त्या कंपनीत जागा एकच. माझी मुलाखत सोमवारी, तिची मंगळवारी. मला कुणी एकही व्याख्या विचारली नाही. समोर लॅपटॉप ठेवला, रजेच्या अर्जाचा फॉर्म उघडला आणि म्हणाले, अर्ध्या तासात चुका शोधा. घाम फुटला, पण सापडल्या. रजा संपायची तारीख सुरू व्हायच्या आधीची टाकली तरी तो फॉर्म गुमान घेत होता.

संगमनेरला उतरले. रेहाना वही घेऊन स्टँडवर उभीच होती. ती चहा सांगायला टपरीवर गेली आणि मी लिहिलं — 'सगळी थिअरी. व्याख्या पाठ करून जा. प्रॅक्टिकल नाही.' घाबरून लिहिलं का? छे! एकही खाडाखोड नव्हती.

नोकरी मला लागली आणि चार महिन्यांत रेहानाचं लग्न झालं. पण मी एकदाच खोटी वागले असं समजू नका.

त्याच मंगळवारी संध्याकाळी मी तिला घ्यायला स्टँडवर गेले. कशाला गेले? खरं सांगू — काय झालं ते बघायला गेले. ती उतरली, डोळे सुजलेले. आता ही माझ्यावर ओरडणार, म्हणून मी तयार उभी. ओरडायलाच हवं होतं तिने! तिने बाकावर बसून वही उघडली. माझ्या ओळींखाली तो फॉर्म, त्यातल्या चुका, सगळं नीट मांडून लिहिलं, उरलेल्या दोघींसाठी. माझ्या ओळी खोडल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला येगळा पेपर दिला असंल गं. रोज बदलत असतील ते."

मी म्हणाले, "व्हय, बदलत असतील."