गाळात शोधलेला आवाज

हे बोलायचं म्हणून मी कितीदा तोंड उघडलं, आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलून गेलो. बायकोसमोर, दोस्तांसमोर, एकदा तर ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याच समोर. दुसरंच बोलण्यात माझा हातखंडा आहे, ते पुढे कळेलच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून आज कदाचित जमेल. बघू.

महाडच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्टचे फोटो. नुकतंच मी आणि पोलादपूरच्या दिनेशने — तोही माझ्याच धंद्यातला — शूटिंग साठवायचं एकसारखं नवीन मशीन घेतलं. त्याची एक खोड आहे. एखादं फोल्डर कायमचं काढून टाकायचं असेल तर ते नुसतं 'हो की नाही' विचारत नाही. त्या फोल्डरचं नाव तुमच्याकडून टाइप करून घेतं. अक्षर चुकलं तर पुन्हा.

दिनेशचा फोन आला तो तडकूनच. "अरे, एक फोल्डर उडवायचं तर हा माझ्याकडनं नाव लिहून घेतो! पहिलीत बसवलाय काय मला?" ती सोय बंद करता येते, त्याने केली होती, आणि मलाही कर म्हणत होता. मी त्याच्याशी चांगलाच भांडलो. म्हटलं, आपला हात डोक्याच्या पुढे पळतो रे. रोज तीच चौकट समोर येते, रोज आपण 'हो' दाबतो — वाचतं कोण? नाव लिहायला लागलं की हात अडतो, आणि हात अडला की डोळे बघतात. त्याला ते पटलं नाही. पण हसून म्हणाला, "तू बाबा पहिल्यापासनं जपून वागणारा."

जपून वागणारा! मी फोन ठेवला.

मला हे सगळं कुठून सुचतं, ते दिनेशला माहीत नाही. ते गंगारामबुवांकडून आलंय.

वरंधच्या वर एका वाडीत बुवा राहतात. भात-नाचणी लावणारा माणूस, बोलायला अगदी कमी. पण गौरी-गणपतीत बाल्या नाचाला बसले की निराळेच. पायात घुंगरू बांधलेली पोरं भोवती फेर धरणार, मधे ढोलकी, टाळ आणि बुवा. आवाज गोड वगैरे नव्हता. थोडा कोरडा, घोगरा. पण खालच्या वळणावर एसटीतून उतरणाऱ्याला कळायचं, की बुवांनी गण सुरू केलाय.

एका वर्षी वाडीच्या मुंबईकरांनी हौसेने मला शूटिंगला बोलावलं. मी माइक बुवांच्या पुढ्यात ठेवला तर ते लाजले. "मशीनला काय गाणं कळतंय?" म्हणाले. मग जे गायला बसले ते ऊन कलेपर्यंत. मोबाइलवर इतरांनीही घेतलं होतं, पण त्यात ढोलकी आणि शिट्ट्याच जास्त. बुवांचा आवाज नीट उतरला तो एकट्या माझ्याकडे. मुंबईकर म्हणाले, शिमग्याला येऊ तेव्हा घेऊन जाऊ. शिमगा आला नि गेला. ते विसरले, मीही विसरलो.

मग लग्नसराई. डिस्क भरलेली, दुसऱ्या दिवशी मोठं लग्न, आणि मी जुनी फोल्डरं काढायला बसलो. खांद्याने फोन कानाशी धरलेला, पलीकडे मुलीचे वडील ड्रोनबद्दल विचारतायत. मी फोल्डरांची एक रांगच्या रांग निवडली. चौकट आली, कायमचं काढून टाकायचं का? दाबलं. फोन संपल्यावर यादी वरून खाली बघितली. बुवा त्या रांगेत होते.

इथवर चूक म्हणता येईल. अशी चूक कुणाच्याही हातून होते, नाही का? मीही स्वतःला कितीतरी वर्षं हेच विचारत आलोय. पण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, की काढलेलं लगेच गायब होत नाही. डिस्क तशीच बाजूला ठेवली, तिच्यावर नवीन काही भरलं नाही, तर बऱ्याचदा परत मिळतं. मलाही माहीत होतं. पण दुसरी डिस्क आणायला कोण जाणार? मी त्याच डिस्कवर दुसऱ्या दिवशीचं लग्न भरलं. मनात म्हटलं, कोण येतंय न्यायला.

ते आले. म्हणजे, बुवांच्या बायकोचा फोन आला. बुवांच्या घशाचं मुंबईत ऑपरेशन झालं होतं. माणूस वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर रुमाल. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, त्यांचा आवाज तुमच्याकडं हाय ना? सारख्या खुणा करून इचारतात."

काय सांगायला हवं होतं? "गेला वहिनी, माझ्या हातून गेला." एवढंच. मी म्हणालो, "आहे की. जपून ठेवलाय."

"मग काय नाय," त्या म्हणाल्या. आवाज एकदम हलका झाला त्यांचा. "यंदा गौरीला लावू. नातीला ऐकवायचाय. ती बारकी, तिला वाटतंय आजोबाला बोलताच येत नाय."

तेव्हापासून मी गौरी-गणपतीची धास्ती घेतली. रोज नवी सबब शोधायचो. अशातच पूर आला.

आमच्याकडे पूर नवा नाही, पण त्या वेळी सावित्रीचं पाणी दुकानाचं शटर बुडवून वर गेलं. आम्ही गच्चीवर होतो, म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर अख्खी पेठ गाळात. शेजारचा कापडवाला ठाण हातात धरून ढसाढसा रडत होता. मी माझ्या शटरपाशी उभा राहिलो. आत कॅमेरे, दिवे, कॉम्प्युटर, सगळं आडवं पडलेलं, गुडघाभर चिखलात. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? सुटलो, हे आलं. गावाच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं, आणि मला हायसं वाटत होतं. याची मला आजही किळस येते.

फोनला रेंज आली तशी सरिताचा मेसेज आला. सरिता बुवांची मुलगी, मुंबईला नोकरीला असते. आधी विचारलं, काका, तुम्ही सगळे सुखरूप आहात ना? मग खाली वेगळं, भीतभीत — पप्पांचं रेकॉर्डिंग?

मी टाइप करायला बसलो. आधी लिहिलं, डिस्क खराब झाली. ते पुसलं, कारण डिस्क दुरुस्तीला द्या म्हणाली तर? मग लिहिलं, सगळं पुरात गेलं, पप्पांचा आवाजसुद्धा. ते बरं वाटलं. वाचून बघितलं. एक शब्द बदलला. आणि मग शेवटी एक ओळ वाढवली: 'तुम्ही वेळेवर नेलं असतं तर वाचलं असतं.' पुन्हा वाचलं आणि पाठवलं.

तिचं लगेच उत्तर आलं. "काका, तुम्ही बरे आहात ना, मग झालं. चूक आमचीच."

दुसऱ्या दिवशी बुवा माझ्या दारात उभे. खांद्यावर फावडं, टॉवेल, बरोबर वाडीतली माणसं. रस्त्यावर ठिकठिकाणी माती आलेली, अर्धी वाट चालत आले होते. गावोगावची माणसं तेव्हा महाडला गाळ उपसायला येतच होती, पण हे कशासाठी आलेत ते मी ओळखलं. बाकीचे फावड्याने गाळ ओढत होते. बुवा ओढत नव्हते. कोपऱ्यात, जिथे माझं टेबल होतं, तिथे उकिडवे बसून दोन्ही हातांनी चिखल चाचपत होते. गळ्यावरचा रुमाल श्वासागणिक हलत होता. डॉक्टरांनी त्यांना धुळीतसुद्धा जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, हे बरोबरचा एकजण बोलून गेला. "ऐकतात कुठं? सरिताचा मेसेज बघितला तवाधरनं जीव थाऱ्यावर नाय त्यांचा."

मी थांबवायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी चहा सांगायला गेलो. चहा कुठे मिळणार होता त्या दिवशी?

परत आलो तर बुवांना ती डिस्क सापडली होती. प्यायला आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने त्यांनी ती धुतली, टॉवेलाने पुसली, त्यातच गुंडाळली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मग आधी गळ्याला बोट लावलं, मग डिस्कला, आणि भुवया उचलल्या. मिळेल का?

मी म्हणालो, "पुण्याला पाठवतो बुवा. बघू."

त्यांनी मला हात जोडले.

डिस्क मी पुण्याला पाठवली नाही. पाठवून मिळणार काय होतं — कुणाचं तरी लग्न? गणपतीच्या आधी वाडीवर निरोप दिला, पुण्यावाल्यांनी हात टेकले म्हणून. वहिनी नंतर बाजारात भेटल्या, तेव्हा डोळे पुसत म्हणाल्या, "शिमग्यालाच न्यायला हवं होतं आम्ही. आमचंच नशीब फुटकं." मी म्हणालो, "होतं असं, वहिनी." डिस्क अजून माझ्या कपाटात आहे, त्याच टॉवेलात.

तर दिनेशशी मी भांडलो ते खरं. त्या दिवशी कॉम्प्युटरने मला 'गंगाराम' टाइप करायला लावलं असतं, तर 'ग'पाशीच माझा हात थांबला असता, याबद्दल मला शंका नाही. म्हणून मी ती सोय बंद करत नाही. पण दिनेशला जे सांगितलं नाही ते हे, की आवाज पुसायला मला एक बटण लागलं, न वाचता दाबलेलं. आणि सरिताला लिहिलं ते मी अक्षर अक्षर टाइप केलं होतं. वाचून, पुसून, सुधारून. हात एकदाही अडला नाही.

बुवा अजून बाजाराला आले की स्टुडिओत डोकावतात. स्टुलावर बसतात, चहा घेतात, निघताना पाठीवर हात ठेवतात. परवा नातीला घेऊन आले होते. ती आता शाळेत जाते, बडबडी आहे. माइक बघून म्हणाली, यात बोललं की राहतं काय? मी म्हटलं, राहतं.

"माझ्या आजोबांचा पण आवाज होता," ती मला समजावून सांगायला लागली. "तो पुरात व्हावून गेला. आजीनं न्यायला उशीर केला ना, म्हणून."

बुवा तिच्या केसांवरून हात फिरवत हसले, आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली.